सेंट-ज्यॉर्जी आणि संशोधनाचे स्वातंत्र्य

कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या आधुनिक कारखान्यांत एक पथ्य कटाक्षाने पाळले जाते. पक्षी कापल्यावर त्याच्या छातीचे मांस लगेच हाडापासून सोडवायचे नाही. थंड जागेत चार ते सहा तास ते हाडावरच राहू द्यायचे. घाई केली तर मांस चिवट होते. हे पथ्य अनुभवाने कळू शकते, परंतु त्यामागील कारणाचा धागा कोणत्याही कारखान्यात हाती लागला नाही. तो लागला दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, हंगेरीच्या दक्षिण सीमेजवळील सेगेड या शहरात. आणि ज्यांना तो लागला त्यांच्या मनात मांसविक्रीचा विचारही नव्हता. सजीवाची हालचाल होते कशी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. या संशोधकांचे अग्रणी आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हे क जीवनसत्त्वाचे शोधक म्हणून जगाला ठाऊक आहेत. त्यांचे स्नायूंविषयीचे कार्य तितकेच, किंबहुना अधिक मूलगामी असूनही त्याची चर्चा सामान्य वाचकांत क्वचितच होते. शिवाय त्यांच्या आयुष्याने एक प्रश्न मागे ठेवला आहे आणि तो आजही निकालात निघालेला नाही. काय सापडणार हे ज्याचे त्यालाच ठाऊक नाही, अशा शोधासाठी समाजाने पैसा का द्यावा आणि कसा द्यावा?

सेंट-ज्यॉर्जी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील जमीनदार होते आणि त्यांचे मन शेतीवाडीतच रमत असे. विद्येची परंपरा होती ती आजोळी. आईचे वडील आणि भाऊ हे दोघेही शरीररचनाशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. मामा मिहाय लेनहोशेक यांना मात्र आपला भाचा मंदबुद्धीचा वाटे आणि त्याने संशोधनाच्या वाटेला जाऊ नये, असे त्यांचे मत होते. शालेय जीवनाच्या अखेरीस मुलाला वाचनाचे वेड लागले, परीक्षेतील यश वाढले आणि मामांचा विरोध हळूहळू मावळला. १९११ साली आल्बर्ट यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी विद्यापीठात प्रवेश घेतला. पुरती तीन वर्षे झाली नाहीत तोच पहिले महायुद्ध भडकले आणि या विद्यार्थ्याला सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल व्हावे लागले.

रणभूमीवर त्यांना शौर्यपदक मिळाले; पण दोन वर्षांच्या खंदकवासानंतर युद्ध हरल्यात जमा आहे आणि राज्यकर्ते निष्कारण माणसे मारवीत आहेत, याविषयी त्यांच्या मनात शंका उरली नाही. १९१६ साली त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली आणि ती शत्रूची असल्याचे सांगून ते घरी परतले. या कृत्याला भ्याडपणा म्हणणारे लोक तेव्हाही होते, आजही असतील. तथापि पुढील साठ-सत्तर वर्षांत याच माणसाने सत्तेपुढे मान तुकविण्यास वारंवार नकार दिला, हे पाहिले म्हणजे या गोळीचा अर्थ निराळा लागतो. आपले डोके कोणाच्या हुकमावर चालवायचे नाही, हा निश्चय त्या दिवशी झाला असावा.

१९१७ साली पदवी आणि विवाह ही दोन्ही कार्ये उरकली. पुढची दहा वर्षे मात्र अक्षरशः भटकंतीची गेली. पराभूत हंगेरीचे लचके तोडले गेले होते. पोझोनी येथे नोकरी मिळाली तर ते शहरच चेकोस्लोव्हाकियात गेले. मग प्राग, बर्लिन, हँबुर्ग, लायडन असे मुक्काम करीत हे कुटुंब हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे पोहोचले. तेथे सेंट-ज्यॉर्जी यांना एका साध्या गोष्टीने पछाडले. बटाटा कापून ठेवला की काळपट पडतो, लिंबू पडत नाही, असे का? लिंबासारख्या फळांत हा काळपटपणा रोखणारे एखादे द्रव्य असले पाहिजे, असा तर्क करून त्यांनी त्याचा माग काढला. तसेच द्रव्य त्यांना प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतही आढळले. परंतु ज्यांनी आश्रय दिला होता ते प्राध्यापक निवर्तले आणि त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना या उद्योगात काडीचाही रस नव्हता. नोकरी गेली. पत्नी व मुलीला माहेरी बुडापेस्टला पाठवून सेंट-ज्यॉर्जी १९२६ साली स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले, ते जवळजवळ या क्षेत्राचा निरोप घेण्यासाठीच. अध्यक्षीय भाषणात केंब्रिजचे थोर जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी त्यांच्या एका निबंधाचा नावानिशी उल्लेख केला. भाषण संपल्यावर सेंट-ज्यॉर्जी त्यांना भेटले आणि केंब्रिजचे आमंत्रण घेऊनच परतले. एखाद्या वडीलधाऱ्या विद्वानाच्या चार गुणग्राही शब्दांनी एक आयुष्य कसे मार्गी लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

केंब्रिजमध्ये ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे झाले. ते साखरेच्या कुळातील होते, पण नेमके काय हे उमगत नव्हते. म्हणून अज्ञानदर्शक शब्दाला साखरेचा प्रत्यय लावून त्यांनी त्याचे नाव ‘इग्नोज’ ठेवले. नियतकालिकाच्या संपादकांनी डोळे वटारले, तेव्हा देवालाच ठाऊक अशा अर्थाचे दुसरे नाव त्यांनी सुचविले. तेही अर्थातच फेटाळले गेले आणि १९२८ साली ‘हेक्झुरॉनिक अम्ल’ या गंभीर नावाने निबंध प्रसिद्ध झाला. पुढे अधिक द्रव्य मिळविण्यासाठी सेंट-ज्यॉर्जी अमेरिकेत गेले आणि तेथील कत्तलखान्यांतून अधिवृक्क ग्रंथी जमवून त्यांनी महिनोन्‌महिने खपून पंचविसेक ग्रॅम भुकटी तयार केली. हंगेरीचे शिक्षणमंत्री क्लेबेल्सबर्ग यांनी त्यांना मायदेशी बोलावले आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी ते सेगेडच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

सेगेड हा लाल मिरचीचा मुलूख आहे. तेथील पॅप्रिका मिरचीने त्यांच्या शोधाला हात दिला. १९३२ साली गिनी पिगांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले होते की, हे अम्ल म्हणजेच स्कर्व्ही रोखणारे क जीवनसत्त्व. अमेरिकेतील किंग यांनीही त्याच सुमारास हा शोध जाहीर केला आणि श्रेयाचा वाद दीर्घकाळ धुमसत राहिला. परंतु संशोधनास पुरेल इतके द्रव्य कोणाकडेच नव्हते. १९३३ साली रात्रीच्या जेवणात आलेली मिरची खावीशी वाटेना, म्हणून सेंट-ज्यॉर्जी ती घेऊन प्रयोगशाळेत गेले, अशी कथा ते स्वतः रंगवून सांगत. मिरचीत या जीवनसत्त्वाचा मोठा साठा निघाला. ग्रॅमची भाषा किलोवर आली. ते द्रव्य त्यांनी जगभरच्या संशोधकांना मुक्तहस्ताने वाटले. इंग्लंडमध्ये हॉवर्थ यांनी त्याची रचना ठरविली आणि १९३७ साली सेंट-ज्यॉर्जी यांना वैद्यकाचे व हॉवर्थ यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चव्वेचाळिसाव्या वर्षी नोबेल मिळविलेला प्राध्यापक उर्वरित आयुष्य जीवनसत्त्वांवर व्याख्याने देत सुखाने काढू शकला असता. सेंट-ज्यॉर्जी यांनी तो विषय जवळजवळ सोडूनच दिला आणि ते स्नायूंकडे वळले. १९३९ साली मॉस्कोत एंगेलहार्ट व ल्युबिमोव्हा यांनी दाखविले होते की, स्नायूतील मायोसिन हे प्रथिन एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करते. ज्या पदार्थाचा स्नायू बनला आहे तोच पदार्थ इंधनही फोडतो, ही कल्पना सेंट-ज्यॉर्जी यांना मोहवून गेली. त्यांच्या सहकारी इलोना बांगा सशाच्या स्नायूचा खिमा मिठाच्या द्रावणात वीस मिनिटे ठेवून मायोसिन काढीत असत. ते पातळ असे. एकदा खिमा रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी द्रावण घट्ट, चिकट झालेले दिसले. त्यात एटीपी मिसळताच ते पुन्हा पातळ झाले. एखाद्या शिस्तप्रिय प्रयोगशाळेत ते द्रावण बिघडले म्हणून ओतून दिले गेले असते. येथे मात्र बिघाडालाच प्रश्न विचारण्यात आला. फरक कशाने पडला? तरुण सहकारी श्ट्राउब यांनी १९४२ साली उत्तर दिले. रात्रभरात खिम्यातून दुसरेही एक प्रथिन बाहेर पडत होते. त्याला ॲक्टिन हे नाव मिळाले. एकट्या मायोसिनचे तंतू एटीपीने आखडत नव्हते. दोन्ही प्रथिनांच्या संयोगातून बनविलेले तंतू एटीपी आणि योग्य क्षार मिळताच सूक्ष्मदर्शकाखाली सरसर आखडले. शरीराबाहेर, काचेवर, मृत प्राण्यापासून काढलेल्या दोन प्रथिनांनी जिवंतपणाची सर्वांत जुनी खूण, म्हणजे हालचाल, करून दाखविली. आपल्या आयुष्यातील सर्वांत रोमहर्षक क्षण कोणता, असे विचारल्यावर सेंट-ज्यॉर्जी नोबेलचा नव्हे, या क्षणाचा उल्लेख करीत.

याच शोधाने मृत्यूनंतर शरीर ताठ का होते, याचाही उलगडा झाला. एटीपी स्नायूला आखडण्याची शक्ती देते आणि ॲक्टिन-मायोसिनची एकमेकांना बसलेली मिठी सोडविण्याचे कामही तेच करते. मृत्यूनंतर रक्ताचा, पर्यायाने प्राणवायूचा पुरवठा थांबतो. स्नायू साठवलेली शर्करा वापरून थोडा वेळ एटीपी बनवीत राहतो आणि त्यातून लॅक्टिक अम्ल साचते. साठा संपला की मिठी कायमची बसते आणि स्नायू ताठरतो. या ताठरपणाचा एटीपीच्या ऱ्हासाशी असलेला संबंध १९४३ साली सेगेडमध्येच एर्दॉश यांनी दाखवून दिला. केंब्रिज येथे बेट-स्मिथ आणि बेंडॉल यांनी याच दशकात तो मुद्दा तपशिलाने मांडला. मरणापूर्वी प्राण्याने धडपड केली असेल तर शर्करेचा साठा आधीच खर्ची पडतो आणि ताठरपणा लवकर येतो. १९६० नंतर न्यूझीलंडमध्ये लॉकर यांनी दाखविले की, एटीपी शिल्लक असताना मांस फार थंड केले तर ते आखडून चिवट होते. कोंबडीच्या छातीचे मांस घाईने हाडापासून सोडविले तरी तेच घडते. त्याला ताणून धरणारे हाड नसते आणि अंगात आखडण्याचे बळ मात्र उरलेले असते. अम्ल फार वेगाने, मांस उबदार असतानाच साचले तर प्रथिने बिघडतात, पाणी धरून ठेवत नाहीत आणि मांस फिकट, पिळपिळीत होते. मांसाच्या प्रतीचे आजचे सारे शास्त्र या पायावर उभे आहे.

हे संशोधन चालू असताना बाहेर काय घडत होते? हंगेरी हिटलरच्या गोटात होती. सेंट-ज्यॉर्जी यांनी आपले नोबेल पदक फिनलंडच्या मदतीसाठी आधीच देऊन टाकले होते. १९४३ च्या आरंभी व्याख्यानाचे निमित्त करून ते इस्तंबूलला गेले. दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी करून हंगेरीला युद्धातून सोडविता येते काय, हे पाहण्यासाठी पंतप्रधान कालाई यांच्या संमतीने ही यात्रा होती. जर्मन हेरांना तिचा सुगावा लागला. सेंट-ज्यॉर्जी नजरकैदेत पडले आणि मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्यावर त्यांना भूमिगत व्हावे लागले. स्वीडनच्या वकिलातीने त्यांना नागरिकत्व देऊन काही काळ आसरा दिला. अशा अवस्थेतही स्नायूंवरील निबंध स्वीडनला पोहोचले आणि १९४५ साली तेथील नियतकालिकाच्या पुरवणीतून जगापुढे आले.

युद्धानंतर सोव्हिएत सत्तेविषयी त्यांना काही काळ आशा वाटली, हे नमूद केले पाहिजे. ते संसदेत गेले, विज्ञान अकादमीच्या पुनर्रचनेत त्यांनी भाग घेतला. पण एका हुकूमशाहीची जागा दुसरी घेत आहे, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. १९४७ साली त्यांनी देश सोडला आणि अमेरिकेत वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत बस्तान मांडले. नोबेल विजेता असूनही आरंभी त्यांच्याजवळ पैसा नव्हता, आणि साम्यवादी असल्याचा संशय मात्र होता. १९५० साली मदतीला आल्या त्या दोन संस्था : अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि आर्मर ही मांसव्यवसायातील प्रसिद्ध कंपनी. ज्ञानाचा उपयोग कोणाला होणार हे कंपनीने ओळखले होते. त्याआधी, १९४९ साली त्यांनी ग्लिसरीनमध्ये मुरविलेला स्नायू तयार केला होता. तो शीतपेटीत दीर्घकाळ टिकतो आणि एटीपी देताच आखडतो. प्रयोगासाठी हे साधन साऱ्या जगाने उचलले. आखडताना स्नायूतील तंतू एकमेकांवरून सरकतात, हा निर्णायक सिद्धांत मात्र १९५४ साली ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांनी, आणि स्वतंत्रपणे अँड्र्यू हक्सले व नीडरगेर्के यांनी मांडला. पाया सेगेडचा, पण कळस इतरांनी चढविला.

यापुढचे आयुष्य विषादाचे आहे. पत्नी १९६३ साली आणि एकुलती एक मुलगी १९६९ साली कर्करोगाने गेली. सेंट-ज्यॉर्जी यांनी आपली सारी शक्ती कर्करोगाकडे वळविली. प्रथिनांतील इलेक्ट्रॉनांच्या वहनात या रोगाचे मूळ आहे, असे त्यांना वाटे. सरकारी अनुदानाचे अर्ज फेटाळले जाऊ लागले. पुढील तीन वर्षांत काय कराल आणि काय सापडेल, असे अर्जात विचारलेले असे. उद्या काय करणार हे ज्याला आज ठाऊक नसते, त्याने याचे उत्तर काय द्यावे? १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी संशोधकांचे दोन वर्ग पाडले. काही जण ठरलेल्या वाटा निर्दोष करीत पुढे जातात, काही जण अंतःप्रेरणेच्या बोटाला धरून आडरानात शिरतात. अनुदानाची पद्धत पहिल्यांना मानवते, दुसऱ्यांना मारते, अशी त्यांची तक्रार होती. त्या सुमारास त्यांची आर्थिक विवंचना एका वृत्तपत्रात छापून आली. ती वाचून साल्सबरी नावाच्या एका वकिलांनी पंचवीस डॉलर पाठविले आणि त्यांना उलटटपाली आभाराचे पत्र मिळाले. या ओळखीतून १९७३ साली कर्करोग संशोधनासाठी एक देणगीदार संस्थाच उभी राहिली. त्याच काळात सेंट-ज्यॉर्जी व्हिएतनामच्या युद्धावर आणि अण्वस्त्रांवर कडाडून टीका करीत होते. १९७८ साली हंगेरीचा प्राचीन राजमुकुट अमेरिकेने परत केला, तेव्हा त्या शिष्टमंडळात त्यांना मानाचे स्थान होते. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वुड्स होल येथे त्यांचे निधन झाले. वय ९३ होते.

त्यांचा कर्करोगाविषयीचा सिद्धांत वैद्यकाने स्वीकारला नाही. तेव्हा अनुदान नाकारणारे अधिकारी चुकले, असे सरसकट म्हणता येणार नाही. पैसा जनतेचा असतो आणि तो देताना हिशेब मागणे हे कर्तव्यच आहे. परंतु याच मोजपट्टीने सेगेडचा प्रयोग मोजला असता तर काय झाले असते? युद्धकाळात सशाच्या स्नायूचा खिमा भिजत घालणाऱ्या प्राध्यापकाकडे सांगण्यासारखा कोणताही उपयोग नव्हता. हृदयविकार, स्नायुरोग आणि मांसाची प्रत या तिन्ही क्षेत्रांना त्यातून काय लाभणार, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

उलट बाजूचे उदाहरणही कोंबडीचेच घ्यावे. निश्चित ध्येय ठेवून, ठरलेल्या वाटेने झालेल्या निवड-पैदाशीने ब्रॉयलर कोंबडीचा कायापालट केला. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालचे वाण आणि २००५ सालचे वाण एकाच आहारावर शेजारी शेजारी वाढविण्यात आले. ५६ दिवसांचे झाल्यावर जुन्या वाणाचा पक्षी सरासरी ९०५ ग्रॅम भरला, तर नव्याचा ४,२०२ ग्रॅम. हे २०१४ साली प्रसिद्ध झालेले आकडे थक्क करणारे आहेत आणि स्वस्त प्रथिनांच्या दृष्टीने त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण याच झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्यांच्या छातीत आता निराळेच दोष दिसू लागले आहेत. स्नायूचे तंतू झिजतात, त्यांच्या जागी चरबी व संयोजी ऊती भरतात, मांसावर पांढरे पट्टे उमटतात, काही वेळा ते लाकडासारखे टणक होते. वजन वाढविण्याची वाट ठाऊक होती. स्नायू म्हणजे काय, तो किती वेगाने वाढू शकतो आणि वाढताना त्याला रक्त व प्राणवायू कसा पुरतो, हे प्रश्न मागे राहिले होते. दोष निघाल्यावर संशोधकांना पुन्हा त्या मूळ प्रश्नांकडेच वळावे लागले.

तात्पर्य, समाजाला दोन्ही प्रकारची माणसे हवी असतात. पण पहिल्या प्रकाराला आपला उपयोग कागदावर मांडता येतो, दुसऱ्याला येत नाही. म्हणून संरक्षणाची गरज दुसऱ्याला अधिक. कोणत्याही देशातील विद्यापीठाने वा शासनाने संशोधनाच्या निधीतील थोडा तरी हिस्सा योजनेला न देता माणसाला द्यावा, त्याच्या प्रश्नांची खोली पाहून द्यावा, आणि त्यातला बराचसा वाया जाईल हे आधीच मान्य करून द्यावा. सेंट-ज्यॉर्जी यांच्या उत्तरायुष्यावर झालेला खर्च कदाचित वाया गेला असेल. सेगेडच्या त्या रात्रभर भिजत राहिलेल्या खिम्याने त्याची भरपाई कितीतरी पटींनी आधीच करून ठेवली होती.